यवतमाळहून वैराट, सकाळी जाऊन रात्री घरी

मागच्या उन्हाळ्यात धाकटे काका-काकू युरोपची टूर करून आले. घरच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. त्यातल्या एका फोटोत दोघं बर्फात उभे होते आणि खाली लिहिलं होतं : युंगफ्राउयोख, ३४५४ मीटर. मी तो मोठा करून आजीला दाखवला. काकूचे गुडघे कसे आहेत हे घरात सगळ्यांनाच माहीत. त्यामुळे आजीने पहिल्यांदा विचारलं, "एवढ्या वर चढली कशी ते?"

"रेल्वेने."

आजी थोडा वेळ फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग आपल्या चिखलदऱ्याले कायले नाही जात रेल्वे?"

आजी दारव्ह्याची. लग्न होऊन यवतमाळात आली, ती इथेच. वय ७६. तिने पंढरपूर पाहिलंय, शेगाव कितीदा तरी पाहिलंय, एकदा काशीही केलीय. पण चिखलदरा नाही. विदर्भातल्या माणसाला हे सांगायची थोडी लाजच वाटते, कारण आपल्याकडे थंड हवेचं ठिकाण म्हणून दाखवायला तेवढं एकच. लहानपणापासून ती आम्हाला कीचकाची गोष्ट सांगायची. विराट राजाची नगरी तिथे वर होती, भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा, त्याचा झाला चिखलदरा. (मला विचाराल तर चिखल आणि दरा एवढं पुरेसं आहे, पावसाळ्यात तिथे जाऊन आलेल्याला कीचकाची गरज पडत नाही. पण हे आजीसमोर बोलायचं नाही.) विराटाची ती जागा म्हणजे वैराट. चिखलदऱ्याच्या पलीकडे मेळघाटच्या जंगलात आहे, उंची जवळपास ११८० मीटर. आल्प्सवाल्यांना हसू येईल. पण यवतमाळ साडेचारशे मीटरवर आहे, आणि आमच्या सपाट डोळ्यांना वैराट हे शिखरच आहे.

अडचण एकच, आजोबा. दोन वर्षांपासून ते अंथरुणाला आहेत. दिवसा त्यांच्याजवळ कोणीही बसलं तरी चालतं. रात्री आजी दिसली नाही तर ते घाबरतात, जेवत नाहीत. म्हणजे आजीला चिखलदरा दाखवायचा तर सकाळी निघून रात्री घरी पोचायलाच हवं. आणि तेही एसटीने, कारण बंद कारमध्ये घाटात तिला उलट्या होतात. खिडकीची काच उघडी असलेल्या लाल गाडीत होत नाहीत. मी सॉफ्टवेअरवाला. असा प्रश्न समोर आला की एक्सेल उघडतो. उघडलं आणि पहिल्याच ओळीत अडकलो, कारण आजीच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. खरंच, कायले नाही जात रेल्वे?

कारण ती जवळपास गेली होती. नव्या मुलांना शकुंतला म्हणजे रीलमध्ये दिसणारी गवतात बुडालेली रूळपट्टी एवढंच माहीत असतं. १९०३ ते १९१६ या काळात यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर अशी अडीच फुटी रुळांची लाइन टाकली गेली. अचलपूर म्हणजे सातपुड्याचा पायथा. स्टेशनातून उत्तरेला बघितलं की गाविलगडाचे डोंगर समोर. यवतमाळच्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावात डब्यात बसून डोंगराच्या पायाशी उतरता येत होतं. पुढचे तीसेक किलोमीटर तेवढे राहिले, ते कायमचेच.

आता नकाशा बघा. यवतमाळ ते अचलपूर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरही भरत नाही. रेल्वेने १८९. कारण गाडी आधी पश्चिमेला जाते, लाडखेड, दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला, आणि तिथून वळून दर्यापूर, अंजनगाव करत उत्तरेला. ज्याला डोंगरावर जायचंय अशा माणसाने ही लाइन आखलेली नाही. ती कापसाने आखली. या गावांची नावं वाचली तरी कळतं, एकूण एक कापसाची बाजारपेठ. मूर्तिजापूर मोठ्या लाइनवर आहे. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, ती तिथूनच गेली. सरकी काढायची, रुई दाबून गाठी बांधायच्या, छोट्या डब्यांतून मूर्तिजापूरला आणायच्या, तिथे मोठ्या डब्यांत चढवायच्या आणि मुंबईला पाठवायच्या. यवतमाळची शाखा आणि अचलपूरची शाखा एकमेकींना जोडण्यासाठी नव्हत्याच. दोघी मुंबईला जोडलेल्या होत्या आणि वाटेत एका स्टेशनात भेटत होत्या.

शकुंतलेबद्दल लिहिताना सगळे मँचेस्टरचं नाव घेतात. ते अर्धं खरं आहे. अमेरिकेतल्या यादवीच्या वेळी, १८६१ ते ६५ मध्ये, वऱ्हाडच्या कापसासाठी लँकेशायर वेडं झालं होतं हे खरंच. पण आमची लाइन टाकली गेली तोवर चाळीस वर्षं उलटली होती. आखूड धाग्याचा आपला कापूस तेव्हा मुंबईच्या गिरण्या आणि जपान जास्त घेत होते. मँचेस्टर शकुंतलेत आलं ते उलट्या बाजूने : १९२१ मध्ये तिथे बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून या लाइनवर धावलं, ते थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत. मग डिझेल आलं.

लाइनचा मालक होती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी, आणि तिचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीकडे. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात ही लाइन सुटली. गाडी सरकारची, चालवणारी माणसं सरकारची, रूळ मात्र कंपनीचे, असा कारभार पुढे कितीतरी वर्षं चालला. ज्या रुळांतून पैसे मिळतात पण ज्यांच्यावर खर्च करायची घाई कोणालाच नाही, त्या रुळांचं जे होतं तेच झालं. शेवटच्या काळात ताशी वीस किलोमीटरची मर्यादा होती.

हा आकडा मी एक्सेलमध्ये टाकला. ११३ किलोमीटर भागिले २०, म्हणजे पाच तास चाळीस मिनिटं. ७६ भागिले २०, पावणेचार तासांच्या वर. कुठेही न थांबता साडेनऊ तास, आणि मूर्तिजापूरला गाडी बदलायची ती वेगळीच. पहाटे निघालेला माणूस अचलपूरला उतरेपर्यंत दिवस मावळतीला. म्हणजे शकुंतला चालू असती तरी आजीच्या कामाची नव्हती. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती रागावली. तिच्या आठवणीत ती गाडी जोरात पळते. "मी लहान होती तवा मूर्तिजापूरले मावशीच्या लग्नाले गेलतो. धुरानं तोंड काळं झालतं सगळ्याइचं. नवरीचं बी." वेगाचा मुद्दा तिथेच संपला.

आता परत काकूच्या फोटोकडे. युंगफ्राउ रेल्वेचं काम १८९६ मध्ये सुरू झालं आणि १ ऑगस्ट १९१२ ला गाडी युंगफ्राउयोखला पोचली. आमची लाइन पडत होती त्याच वर्षांत. तिथले रूळ आमच्यापेक्षाही अरुंद आहेत, एक मीटरचे, छे, चुकलो, आमचे ७६ सेंटिमीटर, म्हणजे अरुंद आपलेच. लांबी सव्वानऊ किलोमीटर, बहुतेक वाट डोंगराच्या पोटातून कोरलेली. सोळा वर्षं लागली. हे कोणत्या सरकारने केलं नाही, आडोल्फ गुयर-झेलर नावाच्या एका झुरिखच्या उद्योगपतीने ठरवलं. काम पूर्ण व्हायच्या बऱ्याच आधी, १८९९ मध्ये, तो वारला. आणि त्याचा घरचा धंदा कोणता? सूतगिरणी. बापाने काढलेली कापसाची गिरणी त्याच्याकडे आली होती.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून बसलो. कापसाच्याच पैशाने दोन छोट्या रेल्वे, एकाच काळात. एक वर चढली, दुसरी पायथ्याशी थांबली. तंत्र नव्हतं म्हणून नव्हे. दातेरी रुळांवर डोंगर चढणारी गाडी स्वित्झर्लंडमध्ये रिगीवर १८७१ पासून चालत होती. आपल्याकडे नीलगिरीत ती १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत गेली. महाराष्ट्रातच नेरळ-माथेरानची गाडी १९०७ मध्ये सुरू झाली, तीही पीरभॉय घराण्याच्या खाजगी पैशाने. पण गुयर-झेलरचा माल म्हणजे प्रवासी होता. त्याने हिशेब केला तो इतके लोक तिकीट काढून वर जातील, बर्फ बघतील, संध्याकाळी हॉटेलात परत येतील असा. पीरभॉयांच्या मागे अख्खी मुंबई होती. चिखलदऱ्याच्या मागे कोण होतं? वऱ्हाडातले थोडे साहेब. १८२३ मध्ये हैदराबाद फौजेच्या कॅप्टन रॉबिन्सनने ही जागा हेरली, पुढे तिथे बंगले झाले, कॉफी लागली, आणि उन्हाळा आला की अधिकारी वर जाऊन बसायचे. ते घोड्यावर जायचे, त्यांचं सामान दुसऱ्यांच्या डोक्यावर जायचं. त्यांना सकाळी जाऊन रात्री परतायचं नव्हतंच. ते महिना-दोन महिने राहायचे. आणि पठारावर कापूस पिकत नाही. म्हणून अचलपूरला रूळ संपले. एक दिवस हाताशी असलेली बाई डोंगर बघायला निघेल, हा हिशेब कुणाच्याच वहीत नव्हता.

त्या डोंगरावर अवजड काहीतरी चढवलं गेलं त्याची एक तारीख मात्र पक्की मिळते. डिसेंबर १८०३. वर गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांची फौज, किल्लेदार बेनीसिंग. खाली आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून मोठा झाला. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई जिंकून तो अचलपूरला आला. किल्ल्याला तोफा लावायच्या तर उत्तरेकडूनच. दक्षिणेला नुसते कडे. मग कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने ७ तारखेला अचलपूर सोडलं आणि डोंगरांना वळसा घालून १२ तारखेला उत्तरेच्या लबाडा गावाजवळ तळ दिला. अंतर तीस मैलांच्या आसपास. रस्ता नव्हता, तो फौजेनेच आधी करायचा आणि मग त्यावरून अवजड तोफा माणसांनी ओढायच्या, दऱ्या-नाल्यांतून. स्टीव्हन्सन स्वतः इतका आजारी की अडगावला त्याने हत्तीवर बसून फौज चालवली होती. १५ डिसेंबरला तटाला पडलेल्या भगदाडातून ते आत शिरले. बेनीसिंग लढताना मेला.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडचा मुलूख सोडला आणि तो निजामाकडे गेला. वर्धेच्या पश्चिमेला म्हणजे आम्ही. त्याआधी वऱ्हाडात दोअमली होती, वसुलीत भोसले आणि निजाम दोघांचा वाटा. त्या डोंगरावरच्या एका सकाळीने यवतमाळकडच्या शेतकऱ्याचा एक मालक कमी झाला. पुढे १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कर्जापोटी इंग्रजांच्या हाती दिलं, १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने दिलं, आणि लगेच पुढच्या वर्षी आमच्या लाइनचं काम सुरू झालं. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. मुलूख कायमचा हातात आल्यावर कंपन्या पैसा घालतात. अचलपूरची गाडी ज्या अंजनगावातून जायची, तिथेच त्याच महिन्यात, ३० डिसेंबर १८०३ ला, शिंद्यांनी तह केला होता. मी शाळेत हे तह पाठ केले होते. सुर्जी-अंजनगाव हे दर्यापूरच्या पुढचं, पानमळ्यांचं अंजनगाव आहे हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

वेलस्लीच्या पत्रात वाटेतल्या एका गावाचं नाव 'दामरगाव' असं येतं. ते आपलं धामणगाव गढी असावं. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणारी एसटी घाट चढायच्या आधी तिथूनच जाते.

तर एसटी. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली, हे प्रत्येक डेपोत लिहिलेलं असतं. पण तेव्हा यवतमाळ मध्य प्रांतात होतं. आम्ही मुंबई राज्यात आलो १ नोव्हेंबर १९५६ ला. त्यामुळे १९४८ चा तो वाढदिवस आमचा नाही. तरी पहिल्यांदा कोणीतरी माणूस हा माल धरून वेळापत्रक लिहिलं ते इथेच. आणि आताचा हिशेब तर बघा. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या लोकांना राज्यात एसटी फुकट. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे आजी फुकट, आई अर्ध्यात, पूर्ण पैसे देणारा मी एकटा. कापसाच्या रेल्वेला हा प्रवास कधीच परवडला नसता.

माझं कोष्टक आता असं आहे. यवतमाळ-अमरावती नेरवरून, अडीच तास धरले. अमरावती-परतवाडा दीड तास. परतवाडा-चिखलदरा घाटाचा सव्वा तास. दोन ठिकाणी गाडी बदलायची, त्यासाठी पाऊण तास. एकूण सहा तास. पहाटे पाचला निघालो तर अकराला वर. रात्री नऊला घरी यायचं तर तीनला खाली निघायला हवं. मधे चार तास.

कागदावर छान दिसतं. पण स्वित्झर्लंडमध्ये १९८२ पासून देशभरचं वेळापत्रक एकाच घड्याळावर बसवलंय. एक गाडी येते तेव्हा पुढची समोर उभी असते. काकू तीन गाड्या बदलून वर गेली आणि तिला तो बदल आठवतही नाही. माझ्या कोष्टकात मात्र त्या पाऊण तासातच सगळा जीव अडकलाय. अमरावतीची गाडी अर्धा तास उशिरा आली की परतवाड्याहून वर जाणारी फेरी सुटते, आणि चिखलदऱ्याच्या फेऱ्या काही दर दहा मिनिटांनी नसतात. म्हणून मी उलटं मोजायला लागलो. रात्री नऊ पक्के. तिथून मागे मागे येत अमरावतीहून यवतमाळची अमुक गाडी, परतवाड्याहून अमुक, वरून अमुक. जाताना उशीर झाला तर तो वरच्या चार तासांतून कापायचा, परतीला हात लावायचा नाही. परतवाड्याला बारा वाजून गेले तर वर जायचंच नाही, तिथेच जेवून परत फिरायचं. हा नियम मी कोष्टकात लाल रंगात लिहिलाय. आईला पटला, आजीला अजून वाचून दाखवलेला नाही.

आणि वैराट? वैराटला एसटी जात नाही. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात पहिल्यांदा ठरलेल्या व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. वैराट त्याच्या आत. जंगल खात्याची परवानगी, जिप्सी, ठरलेल्या वेळा. तिथलं गावही वाघांसाठी उठून दुसरीकडे वसवलं गेलं. चार तासांत जिप्सी बसते, पण सगळं वेळेवर झालं तरच. दोन दिवस मी या आकड्यांशी भांडलो. तिसऱ्या दिवशी आजीला सरळ सांगितलं, की एसटीने फक्त चिखलदऱ्यापर्यंत जमतं. शिखर जमेल असं वाटत नाही. दरीच्या काठावर बसू, गाविलगडाचा दरवाजा बघू आणि खाली येऊ.

"वैराट तिथून दिसते का?"

दिशा दाखवता येईल, म्हणालो.

"मंग झालं त. राजा कुठी हाये आता तिथं." मग तिने मुद्द्याचं विचारलं. आजोबांच्या संध्याकाळच्या गोळ्या साडेसातला असतात, आणि मी कोष्टकात नऊ लिहिलेत. त्या कोण देणार?

मी एक रकाना वाढवलाय. शेजारच्या काकू हो म्हणाल्या आहेत. आता चौकशीच्या खिडकीवर जाऊन परतवाड्याच्या गाड्यांच्या वेळा पुन्हा एकदा विचारून यायच्या आहेत, कारण मागच्या खेपेला तिथल्या साहेबांनी सांगितलेली वेळ आणि फळ्यावर लिहिलेली वेळ यांत वीस मिनिटांचा फरक होता.